पांढऱ्या डोळ्यांचे नर

गोटू जमिनीवरून उठला कसा, हे वामनने पाहिलं आणि भाईदासचं पुढचं बोलणं त्याच्या कानात शिरलंच नाही.

आठ वर्षांचं पोरगं पडवीत मांडी घालून बसलं होतं. बाप म्हणाला, "ऊठ रे, मामाले पिंडऱ्या दाखव." तेव्हा ते आधी ओणवं झालं, दोन्ही तळहात फरशीवर टेकले, पाय फाकले, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असं स्वतःच्याच अंगावर हातांनी चढत चढत एकदाचं उभं राहिलं. उभं राहिल्यावर मामाकडे बघून हसलंही.

भाईदास हा वामनच्या थोरल्या बहिणीचा, सरुबाईचा नवरा. तापीपल्याडच्या गावात त्याची केळीची बाग होती, थोडा कापूस होता, आणि तरुणपणी त्याने आसपासच्या जत्रांमधल्या कुस्त्या मारल्या होत्या. आपल्या दोन पोरांपैकी एकाला तरी पैलवान करायचं, हा त्याचा ध्यास. म्हणून त्या दिवशी गोटूला बैलगाडीत घालून तो लालबागच्या आखाड्यातल्या उस्तादाला दाखवायला निघाला होता आणि वाटेत बऱ्हाणपुरातल्या राजपुऱ्यात मेहुण्याकडे चहाला थांबला होता. साल पंचावन्न, दिवाळी नुकतीच झालेली.

"हात लावून बघा मास्तर," तो म्हणाला. "दगड आहे दगड! आठ वर्षाच्या पोराच्या अशा पिंडऱ्या कोणाच्या पाहिल्या तुम्ही? फक्त आळशी आहे साला. पळ म्हटलं का पडते, चढ म्हटलं का रडते. उस्तादाच्या हाताखाली सहा महिने राहिला का बिल्कुल सरळ होईल."

वामनने हात लावला. पिंडरी टणक होती खरी, पण कसलेल्या अंगाचा तो टणकपणा नव्हता. रबराचा चेंडू दाबावा तसं लागत होतं. त्याच्या हाताला हा स्पर्श ओळखीचा होता. त्याच्या मोठ्या भावाच्या, लीलाधरच्या, पिंडऱ्या अशाच होत्या. गावाने त्यांचं असंच कौतुक केलं होतं. मग लीलाधर पायऱ्यांवर अडखळू लागला. अकराव्या वर्षी खाली बसला तो बसलाच. पुढे वामन त्याला पाठुंगळी घेऊन नदीवर न्यायचा, आणि धाकटा थोरल्याला वाहतोय म्हणून पोरं हसायची. सतराव्या वर्षी पौषातली थंडी छातीत भरली आणि चार दिवसांत लीलाधर गेला.

"दाजी," वामन म्हणाला, "आखाड्यात नका घालू त्याला. आधी डॉक्टरला दाखवू."

"डॉक्टरले काय दाखवायचं? आजारी आहे का तो?" असं म्हणून भाईदास चहा संपवून उठला.

उस्तादाने गोटूला दोन बैठका मारायला सांगितल्या. दुसऱ्या बैठकीला पोरगं खाली बसलं ते उठेचना. उस्ताद भला माणूस, तो एवढंच म्हणाला की मोठा झाल्यावर आणा. भाईदासने ते वेगळंच ऐकलं. घरी जाऊन त्याने गोटूच्या पायांना वाळूच्या पुरचुंड्या बांधल्या आणि हातात तुरीची काठी घेतली.

वामन हायस्कुलात शास्त्र शिकवायचा, पण राजपुऱ्यात त्याची ओळख माश्या पाळणारा मास्तर अशी होती. नागपूरला शिकत असताना तिथल्या प्राध्यापकांनी त्याला केळ्यावर घोंगावणाऱ्या चिलटाएवढ्या माश्यांचा नाद लावला होता. शिक्षण संपवून निघताना सरांनी चार बाटल्या त्याच्या हातात ठेवल्या आणि म्हणाले, तुमच्याकडे केळ्याला तोटा नाही, पिढ्या वाढव, मोजत राहा, आकडे पाठवत राहा. दोन-तीन वर्षांत तुला इकडे बोलावून घेतो. तेव्हापासून वामनच्या मागच्या खोलीत फळीवर बाटल्यांची रांग असे. कुस्करलेलं केळं, गूळ, वर चिमूटभर खमीर, तोंडाला कापसाचा बोळा. बारा दिवसांत नवी पिढी. उन्हाळ्यात बऱ्हाणपूरच्या उष्म्याने माश्या पटापट मरायच्या, म्हणून तो बाटल्यांची टोपली लालबागच्या कुंडीत, भुयारी पाण्याच्या गार विहिरीत, दोराने सोडून ठेवायचा. तिथला रखवालदार दगा त्याला रोज विचारायचा, "मास्तर, माश्यांले जेवण झालं का?"

या माश्यांचे डोळे लालबुंद. पण काही बाटल्यांत पांढऱ्या डोळ्यांचे नर होते. पांढऱ्या डोळ्यांचा नर आणि अस्सल लाल डोळ्यांची मादी एकत्र ठेवली की सगळी प्रजा लाल डोळ्यांची होते. खोट नाहीशी झाली, असं वाटतं. मग त्या प्रजेतल्या माद्यांना पिल्लं होतात, आणि त्यांतले अर्धे नर पुन्हा पांढरे डोळे घेऊन बाहेर येतात. आईच्या डोळ्यांत बघून कोणाला काही कळलं नसतं. खोट तिच्यात होती, पण दिसत नव्हती.

वामनने हे शेकडो वेळा पाहिलं होतं, भिंगाखाली पिसाने गुंगी दिलेल्या माश्या इकडे-तिकडे सारत मोजलं होतं, आकडे नागपूरला पाठवले होते. गोटू येऊन गेल्याच्या चौथ्या दिवशी तो असाच मोजत बसला होता. पांढऱ्या डोळ्यांचे नर एका बाजूला सारता सारता त्याचा हात थांबला. लीलाधर. त्याच्या आईचा, गोदाबाईचा, एक भाऊ होता. तो रांगत रांगत मेला असं ती सांगायची. आता गोटू. सगळे मुलगे. सगळे बाईच्या बाजूने. मधल्या बायका, आजी, आई, सरुबाई, धडधाकट, डोक्यावर पाण्याचे दोन हंडे घेऊन चालणाऱ्या.

त्याने कागद घेतला, नावं लिहिली, रेघा ओढल्या. माशीच्या बाटलीवर चिकटवायच्या चिठ्ठीत आणि त्या कागदात काही फरक नव्हता.

शारदा, त्याची बायको, तेव्हा सातव्या महिन्यात होती. लीलाधरची गोष्ट तिला ठाऊक होती आणि लग्नापासून ती भीती तिच्या पोटात होती. वामनने तो कागद तिला दाखवला.

"आपल्याला भीती नाही," तो म्हणाला. "मी चालतो-फिरतो आहे म्हणजे माझ्यात ते नाहीच. पुरुषात असलं तर लपून राहत नाही. मुलगा होवो, मुलगी होवो, आपल्या घरात हे पुन्हा येणार नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

शारदा रडली. इतके महिने ती रडली नव्हती, ते सगळं त्या दिवशी रडली. मग डोळे पुसून तिने कागदावरच्या सरुबाईच्या नावावर बोट ठेवलं. "आणि अक्कांचं?"

 सरुबाईला तीन मुलं. मोठी आशा पंधराची, मग गोटू, मग चार वर्षांचा लोटू. कागदावर लोटूच्या आणि आशाच्या नावापुढे त्याने प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं.

"नका सांगू त्यांना," शारदा म्हणाली. "औषध आहे का यावर?"

"नाही."

"मग सांगून काय हाती येणार आहे?"

पौषात शारदाला मुलगा झाला. नाव रमेश ठेवलं. वामनने त्याच्या पायांकडे एकदाही संशयाने पाहिलं नाही, आणि आपण पाहत नाही याचीच त्याला लाज वाटायची.

पुढच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, सरुबाई माहेरपणाला आली. आई-बाप गेल्यापासून वामनच्या राजपुऱ्यातल्या दोन खोल्या हेच तिचं माहेर. गल्लीतल्या निंबाला झोके बांधलेले, सासुरवाशिणी गाणी म्हणताहेत, आणि सरुबाई दारातच बसून राहिलेली. तिच्यासोबत तिन्ही पोरं होती. गोटू आता भिंत धरून चालत होता. त्याच्या पोटऱ्यांवर काठीचे वळ होते. लोटू अंगणात खेळत होता, आणि खेळता खेळता टाचा उचलून चवड्यांवर चालत होता.

वामनने ते पाहिलं. सरुबाई भावाचं तोंड बघत होती.

"तुले काही माहीत आहे," ती म्हणाली. "गोटूले पाहून तू मांगच्या वेळी पण असाच झाला होता, यांनी सांगितलं मले. सांग मले."

"अक्का—"

"लीलाधरसारखं आहे ना? मी त्याले घास भरवले वामन, मले नाही समजणार? फक्त एवढं सांग, का? कोणाचं काय वाईट केलं आपण? मी देवीले नवस बोलले, उतारे काढले, ताईत बांधले. कोणाची नजर आहे ही?"

शारदाचं म्हणणं वामनला आठवत होतं. पण पुढ्यात बसलेली ही बाई स्वतःचं पाप शोधत बसली होती, आणि ते पाप नव्हतं हे त्याला माहीत होतं. त्याला वाटलं, एवढं ओझं तरी उतरेल.

"कोणाची नजर नाही अक्का. तुझी काही चूक नाही. आपल्या अंगात बारीक सुतासारखं काहीतरी असतं, आई-बापांकडून पोरात येतं. त्यातलं एक सूत असं, की बाईमाणसात ते दोन असतात, पुरुषात एकच. आणि पुरुषाला ते आईकडूनच मिळतं. तुझ्या दोनांतलं एक खराब आहे. दुसरं चांगलं आहे, ते सांभाळून घेतं, म्हणून तुला काही झालं नाही. पोरापाशी एकच. ते एकटंच दोघांचं काम करतं. ते खराब निघालं तर मागे कोणी नाही."

 बाहेर झोक्यावरच्या बायका हसत होत्या.

"म्हंजे माझ्यापाशी चांगलं पण होतं."

"होतं."

"मग ते का नाही दिलं मी त्यांले?"

"ते आपल्या हातात नसतं गं. छापा-काट्यासारखं असतं."

"दोन्ही टाइमाले?"

वामनने लोटूकडे पाहिलं. खोटं बोलता आलं असतं, पण त्याला बोलता आलं नाही. "दोन्ही वेळा," तो म्हणाला.

तिने पदर तोंडावर घेतला नाही, हंबरडा फोडला नाही. लोटूला हाक मारून जवळ घेतलं आणि त्याच्या टाचा हातांनी जमिनीवर टेकवून दाबून धरल्या, जणू तसंच धरून ठेवलं तर त्या खाली राहतील.

"तुले मायने चांगलं दिलं," ती थोड्या वेळाने म्हणाली. तिच्या आवाजात आकस नव्हता. "बरं झालं. एक तरी." मग एकदम मान वर करून म्हणाली, "आशा? पोरीमध्ये पण हे जाते का?"

"निम्मी शक्यता. असेल किंवा नसेल. तिला स्वतःला काही होणार नाही. पण तिच्या मुलग्यांना..."

"पाहून कळत नाही?"

"नाही."

आशाचं लग्न ठरलं होतं. नेपानगरला कागदाचा मोठा कारखाना उभा राहिला होता, तिथे गजानन नावाचा मुलगा फिटर म्हणून लागला होता. पक्कं क्वार्टर, विजेचा दिवा. आशा झोक्यावर बसून मैत्रिणींना त्या दिव्याबद्दलच सांगत होती. सरुबाईने भावाचा हात धरला. "यांले नको सांगजो. आशाच्या बापाले. लग्न होऊन जाऊ दे. शपथ आहे तुले माझी."

"नाही सांगणार," वामन म्हणाला.

तिसऱ्या दिवशी भाईदास बायको-पोरांना न्यायला आला. गाडी दारात उभी होती. गोटू गाडीच्या चाकाजवळ जाऊन उभा राहिला आणि वर बघत राहिला.

"चढ," भाईदास म्हणाला.

गोटूने आऱ्यावर पाय ठेवला, तो घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. गल्लीतले लोक बघत होते. भाईदासने गाडीतली काठी काढली. पहिला फटका पोटरीवर बसला तेव्हा गोटूने आवाजही केला नाही. त्याने फक्त दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं. दुसऱ्या फटक्याला वामन मध्ये गेला.

"त्याला मारू नका दाजी. आळशी नाही तो. त्याच्या स्नायूंतलं बळ जातंय. आणखी दोन-तीन वर्षांनी त्याला उभंही राहता येणार नाही. मारून काही होणार नाही, पळवून काही होणार नाही. लोटूचंही तेच आहे. हे रक्तातून आलंय, आईकडून येतं. माझा भाऊ याच रोगाने गेला."

बोलून झालं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. सरुबाई उंबऱ्यात उभी होती. तिने डोळे मिटून घेतले.

भाईदासची काठी हातातच राहिली.  मग त्याने एकच गोष्ट विचारली, अगदी हळू. "आईकडून. म्हंजे माझ्याकडून नाही?"

"नाही," वामन म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

भाईदासने काठी टाकली, वाकून गोटूला उचललं आणि गाडीत गवतावर अलगद ठेवलं. त्या दिवसानंतर त्याने पोरावर पुन्हा कधी हात उगारला नाही. तो वाईट माणूस नव्हता. पण गाडी चालू झाली तेव्हा बायकोशी तो एक शब्द बोलला नाही, आणि पुढेही फारसा बोलला नाही.

गल्लीत ऐकलेलं गल्लीत राहिलं नाही. महिन्याभरात नेपानगरहून गजाननचा काका भाईदासकडे येऊन बसला. पोरगी चांगली आहे, घर चांगलं आहे, पण तुमच्याच मास्तराने सांगितलं म्हणे की हिच्या पोटी लंगडी पोरं येतील. वामन धावत गेला. निम्मीच शक्यता आहे, तो सांगत राहिला, निम्मी म्हणजे नसण्याचीही तेवढीच. काकाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मास्तर, तुमची बहीण आहे म्हणून सांगू नका. तुमचा पोरगा लग्नाचा असता तर निम्म्यावर केली असती का ही पोरगी?" सोयरीक मोडली.

त्या पावसाळ्यात त्याने नागपूरच्या सरांना लांबलचक पत्र लिहिलं. माश्यांचे आकडे त्यात नव्हते. मुलीत खराब सूत आहे की नाही, हे ओळखायची काही युक्ती आहे का? रक्त तपासून, त्वचा तपासून, कशानेही? आणि आणखी एक. बहिणीच्या पिंडऱ्या चढण चढताना अलीकडे भरून येतात. तिच्याजवळ एक चांगलं सूत आहे, तरी असं का? दोनांतलं एखादं झोपी जातं का?

उत्तर यायला कार्तिक उजाडला. तोवर नव्या राज्यरचनेची, नोव्हेंबरची पहिली तारीख उलटून गेली होती. नागपूर मुंबई राज्यात गेलं होतं. बऱ्हाणपूर नव्या मध्यप्रदेशात राहिलं होतं, आणि इकडच्या कागदांना आता भोपाळचा रस्ता धरायचा होता. सरांनी लिहिलं होतं: 'तुझा प्रश्न चांगला आहे. माशीत मादीची दोन्ही सुतं चालू दिसतात, आणि नराचं एकटं सूत दुप्पट राबतं. जर्दाळू रंगाच्या डोळ्यांच्या बाटल्यांत तू हे स्वतः पाहिलं आहेस: एका सुताच्या नराचा रंग दोन सुतांच्या मादीइतकाच गडद असतो. माणसात काय होतं ते कोणालाच ठाऊक नाही. मांजरीच्या पेशींत एक काळा ठिपका सापडला आहे, बोक्यात तो नसतो. बायकांतही तो दिसतो म्हणतात. तो म्हणजे काय, यावर मतं जुळत नाहीत. मुलीबद्दल म्हणशील, तर ओळखण्याचा काही उपाय नाही. माशीचं जे, तेच. तिचे मुलगे पाहावे लागतात. मी पुढच्या महिन्यात पुण्याला जातो आहे. इथली बाटल्यांची खोली बंद होईल. आकडे आता पाठवू नकोस. तुला इकडे आणायचं माझ्या मनात होतं, ते राहून गेलं, याचं वाईट वाटतं.'

वामनने पत्र घडी करून ठेवलं. माश्या तो आणखी एक उन्हाळा पाळत राहिला, कोणासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्या वैशाखात टोपली कुंडीत सोडायची राहून गेली, आणि दोन दिवसांत सगळ्या बाटल्यांच्या तळाशी काळा थर बसला. दगाने विचारलं, तेव्हा वामन म्हणाला की आता जेवणाचं काम नाही.

त्याच वैशाखात आशाचं लग्न झालं. खंडव्याकडचा निंबा नावाचा बिजवर. त्याला पहिल्या बायकोचे दोन मुलगे होते, त्यामुळे आणखी मुलगे कसे होतील याची त्याला फिकीर नव्हती. पोरांना आई हवी होती, एवढंच. लग्नात आशा मामाच्या पाया पडली, पण त्याच्या तोंडाकडे तिने पाहिलं नाही.

त्याआधी माघात भाईदासने रंभाबाई नावाच्या बाईशी पाट लावला होता. पहिली बायको असताना दुसरी करता येत नाही, असा कायदा नुकताच झाला होता. पण त्याची खबर तापीपल्याड पोचली नव्हती, आणि पोचली असती तरी कोणी विचारलं नसतं. सरुबाई दोन्ही पोरांना घेऊन भावाकडे आली. तिला कोणी हाकललं नव्हतं. भाईदासने फक्त एवढंच म्हटलं होतं, की तिकडे डॉक्टर जवळ आहे. दर पंधरवड्याला तो स्वतः केळीचा घड, दाणे, तूप घेऊन यायचा आणि गोटूजवळ बसायचा. गोटू आता उभा राहू शकत नव्हता. भाईदास त्याचे पाय मांडीवर घेऊन तेल चोळायचा, सरुबाईकडे न बघता.

रंभाबाईला वर्षभरात मुलगा झाला. दोन वर्षांचा झाला तेव्हा भाईदास एकदा त्याला खांद्यावर बसवून घेऊन आला. खाली सोडल्याबरोबर ते पोर पडवीभर पळालं, पायरीवरून उडी मारून अंगणात गेलं, पडलं, उठलं, पुन्हा पळालं. गोटू गादीवर टेकून टाळ्या वाजवत होता. लोटूने रांगत जाऊन त्याला पकडायचा प्रयत्न केला.

वामनचं म्हणणं खरं ठरलं होतं. यापेक्षा चांगला पुरावा त्याच्या बाटल्यांनी कधी दिला नव्हता.

निघताना भाईदास दारात थांबला. "मास्तर," तो म्हणाला, "तुम्ही सांगितलं नसतं तर मी गोटूले मारतच राहिलो असतो. सांगितलं तर हे असं झालं. मी रातदिन विचार करतो, तुम्ही काय करायले पाहिजे होतं?"

"माहीत नाही दाजी."

"मले पण नाही," भाईदास म्हणाला, आणि पोराला खांद्यावर घेऊन गेला.

साठ साली आशा बाळंतपणाला आली. माहेर म्हणून बापाच्या घरी न जाता ती मामाकडे आली. आई तिथे होती. आली तेव्हा तिने पहिल्यांदा मामाच्या डोळ्यांत बघून विचारलं, "मामा, मुलगी होईल का?" मुलगी व्हावी म्हणून नवस बोललेली बाई वामनने तेवढी एकच पाहिली. "होईल," तो म्हणाला. पुढचे सहा आठवडे आशा पोटावर हात ठेवून लोटूकडे बघत बसायची, आणि शारदाने काही काम सांगितलं तरी तिला ऐकू जायचं नाही.

मुलगी झाली. सुईण बाहेर येऊन जरा दबकतच म्हणाली, "पोरगी आहे." तर आतून सरुबाई आणि आशा दोघी एकदम हसल्या, रडल्या. आतापर्यंत त्या घरात एवढा आनंद कोणी पाहिला नव्हता. शारदाने गल्लीत पेढे वाटले. निंबा खंडव्याहून आला, त्यानेही पोरीला हसत मांडीवर घेतलं.

बाराव्या दिवशी बारसं झालं, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी सरुबाई पडवीत नातीला मांडीवर घेऊन बसली होती. वामन शाळेतून आला आणि तिच्याजवळ बसला. पोरीने त्याचं बोट घट्ट धरलं.

"सुटलो ना रे आता?" सरुबाई म्हणाली.

वामनने त्या मुठीकडे पाहिलं. सोळा, अठरा वर्षं. मग हिचं लग्न. मग हिचे मुलगे. निम्म्याचं निम्मं, आणि तेही कोणाला दिसणार नाही, हिलाही नाही.

"सुटलो अक्का," तो म्हणाला.

सरुबाईने त्याच्याकडे पाहिलं.  मग तिने पोरीच्या कपाळावरचं जावळ मागे सारलं.

"पोरीमध्ये दोन असतात," ती म्हणाली. "तूच सांगितलं होतं. मी विसरली नाही."

वामनने पोरीच्या मुठीतून बोट हळूच सोडवलं.

"खोटं बोलायले शिकला तू. उशिरा शिकला." तिच्या आवाजात राग नव्हता. "आशाले पण हेच सांगजो. तिने विचारलं तरी हेच सांगजो."

आतल्या खोलीतून गोटूने हाक मारली. त्याला कूस बदलायची होती. आता ते त्याचं त्याला जमत नव्हतं, आणि दर तासाभराने कोणीतरी त्याला वळवावं लागायचं. सरुबाईने नात वामनच्या मांडीवर दिली, भिंतीला हात लावून हळूहळू उठली, आणि "आले रे बाप्पा" म्हणत आत गेली.